घड्याळ निदानाच्या दिवशी सुरू होतं, प्रत्यारोपणाच्या नव्हे

प्रति,
बोन मॅरो प्रत्यारोपणाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी तज्ज्ञ मंडळं, प्रत्यारोपणांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आणि प्रत्यारोपण केंद्रांचे प्रमुख यांना

सन्माननीय डॉक्टरहो,

मी डॉक्टर नाही. माझ्या बहिणीला अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल हा रक्ताचा कॅन्सर झाला आणि तिला स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, मी दिल्या. तेव्हापासून इतर रुग्णांचे नातेवाईक आपापल्या फायली घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना सल्ला देत नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण फायली वाचतो, आणि तुम्ही प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वंही वाचतो. तत्त्वांमध्ये जे लिहिलंय आणि फायलींमध्ये जे घडलंय, त्यांचा मेळ अनेकदा बसत नाही. म्हणून हे पत्र.

प्रत्यारोपण कोणाला, कधी आणि कसं, याचे निकष सगळीकडे एकसारखे असावेत यासाठी तुमच्या बैठका चालू असतात. चांगलंच आहे. पण तुमचा जवळजवळ सगळा हिशेब पेशी शिरेतून दिल्या जातात त्या दिवसाभोवती फिरतो. तो 'दिवस शून्य'. त्याच्या आधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक, आणि यशापयश शंभराव्या दिवशी, वर्षाने, पाच वर्षांनी मोजायचं. रुग्णाचं घड्याळ मात्र निदानाच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. निदान आणि दिवस शून्य यांच्या मधल्या काळात कोण किती थांबला, कोण पोचलाच नाही, याचं उत्तर तुमच्या तक्त्यांत सहसा सापडत नाही. प्रमाणीकरण करायचं तर आधी या मधल्या काळाचं करा, एवढंच मला प्रामुख्याने सांगायचं आहे.

तक्तेच नाहीत, असं मी म्हणत नाही. ई. डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसाला शिरेतून मज्जा, म्हणजे बोन मॅरो, देण्याचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले, तेव्हाचे रुग्ण वाचले नव्हते. त्याच थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं आणि २०१२ संपेपर्यंत जगभरातली प्रत्यारोपणं दहा लाखांवर गेली. एवढ्या अनुभवातून युरोपातली ईबीएमटी आणि अमेरिकेतली एएसटीसीटी या प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या संघटनांनी आजारवार याद्या केल्या: इथे प्रत्यारोपण हा मान्य उपचार, इथे पर्याय म्हणून विचार करावा, इथे अजून संशोधनाच्या पातळीवर, इथे सहसा करू नये. एएमएलसाठी युरोपियन ल्युकेमिया नेटचं वर्गीकरण आहे. गुणसूत्रांतले आणि जनुकांतले बदल पाहून ते आजार अनुकूल, मध्यम की प्रतिकूल ते सांगतं. आजार परतण्याचा धोका साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या वर असेल तर पहिल्याच रेमिशनमध्ये, म्हणजे केमोनंतर आजार दिसेनासा झालेला असतानाच, दात्याच्या पेशींचं प्रत्यारोपण करावं, ही धारणाही आता सर्वमान्य आहे.

हे सगळं कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. निदान होतं, धावपळ होते, पहिली केमो सुरू होते. रिपोर्ट टप्प्याटप्प्याने येत राहतात. महिनाभराने मॅरो पुन्हा तपासतात, रेमिशन मिळाल्याचं कळतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि मग कुणीतरी म्हणतं, 'आता बीएमटीचा, म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार करायला हवा, भावंडं किती आहेत?' इथून भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का ते पाहणारी तपासणी, सुरू. प्रत्येक सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं तर दाता नोंदणीत शोध, सापडलेल्या दात्याची पुन्हा खात्री, त्याची आरोग्य तपासणी, त्याची सवड, मग केंद्रात खाट कधी मिळेल ते. रेमिशन म्हणजे ओसरलेला पूर. पात्र कोरडं दिसतं तेवढ्यात नदी ओलांडायची असते, आणि आपण तेव्हा नावाड्याचा पत्ता विचारत बसतो.

एचएलए तपासणीसाठी गालाच्या आतून काडी फिरवून घेतलेल्या पेशी पुरतात. रक्तात ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, भरलेल्या असल्या तरी हा नमुना घेता येतो. मग तो निदानाच्या आठवड्यातच का घेऊ नये? मला यावर मिळालेलं उत्तर असं, की सगळ्यांनाच प्रत्यारोपण लागत नाही, मग उगाच खर्च आणि उगाच घबराट कशाला. खर्चाचं समजू शकतो. घबराटीचं मात्र पटत नाही. ब्लड कॅन्सर झालाय हे ज्याला कळलं, तो 'पुढे लागलीच तर तयारी असावी म्हणून ही तपासणी' या वाक्याने आणखी काय घाबरणार? उलट दुसऱ्या रेमिशनच्या शोधात असताना हीच तपासणी पहिल्यांदा करायची वेळ आली, तर ते भय वेगळं असतं. तपासणी झाली म्हणजे प्रत्यारोपण ठरलं असं नाही. पुढे अनुकूल गटातला बदल सापडला, केमोनंतर सूक्ष्म उरलेला आजारही दिसेनासा झाला, तर ते कागद फायलीत पडून राहतील. राहू देत.

दाता आधीच हाताशी असण्याचं मोल तुमच्याच संशोधनात दिसतं. एएमएल परतलेल्या किंवा पहिल्या केमोला दाद न दिलेल्या रुग्णांवर जर्मनीत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी जोरदार केमो देऊन रेमिशन मिळवा आणि मग प्रत्यारोपण करा, ही एक वाट. रेमिशनची वाट न पाहता थेट प्रत्यारोपणाकडे वळा, ही दुसरी. दोन्ही गटांच्या जगण्यात ठळक फरक दिसला नाही. या चाचणीवर तुमच्यात अजून वाद आहे, तो मी वाचला आहे आणि त्यात पडत नाही. पण दुसरी वाट धरायची मुभा फक्त त्यालाच, ज्याचा दाता ठरलेला आहे किंवा नक्की मिळणार आहे. बाकीच्यांसाठी हा वाद निव्वळ पुस्तकी.

आता मोजणीबद्दल. एखादं केंद्र सांगतं, आमच्याकडे प्रत्यारोपण झालेल्या शंभरातले इतके रुग्ण वर्षाने हयात आहेत. हा आकडा खोटा नसतो, पण त्यात जे शून्य दिवसापर्यंत टिकले तेच येतात. वाट पाहताना आजार परतला, केमोत जंतुसंसर्गाने गेला, 'वय जास्त आहे' म्हणून पाठवलाच गेला नाही, दाता मिळेपर्यंत उशीर झाला, हे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. निकालांच्या तक्त्यात शिरण्याआधीच ते निघून गेलेले असतात.

असं मोजणं शक्य नाही असं कुणी म्हणेल, तर त्यासाठीही तुमचंच काम पुढे ठेवतो. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस (मज्जेत धड रक्तपेशी तयार न होण्याचा आजार), याच्या वाढलेल्या धोक्याच्या ५० ते ७५ वयाच्या रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापला गेला. त्यात रुग्णांचे गट प्रत्यारोपण झालं की नाही यावर पाडले नव्हते. जुळणारा दाता मिळाला की नाही यावर पाडले होते. दाता मिळूनही ज्याचं प्रत्यारोपण होऊ शकलं नाही, तो दात्याच्या गटातच मोजला. तरीही तीन वर्षांनी दाता असलेल्यांत ४७.९ टक्के हयात होते, नसलेल्यांत २६.६ टक्के. या आकड्यावर माझा विश्वास बसतो, कारण वाटेत गळलेल्यांनाही त्यात जागा आहे. शिवाय यातले रुग्ण कोणत्या वयाचे होते तेही बघा. एक सरसकट वयोमर्यादा सांगून दार लावून घेणाऱ्या बाह्यरुग्ण विभागांना हा निबंध भिंतीवर लावायला द्यायला हवा. रुग्णाला हृदयाचा, फुप्फुसाचा, यकृताचा काय त्रास आहे हे पाहून गुण देणारा एचसीटी-सीआय निर्देशांक २००५ पासून उपलब्ध आहे. तो न काढता केवळ जन्मसाल पाहून नकार दिला, तर त्या नकाराची नोंद व्हायला हवी.

नोंद करताना एक धोका असतो, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. केंद्रवार निकाल जाहीर होऊ लागले की अवघड रुग्ण टाळण्याचा मोह होतो. अमेरिकेत २००५ च्या कायद्यानंतर दात्याच्या पेशींच्या प्रत्यारोपणांचे निकाल कळवणं बंधनकारक झालं, आणि रुग्णांचा धोका हिशेबात धरून केंद्रांची तुलना होते. पाऊल योग्यच आहे. पण कितीही काटेकोर हिशेब केला तरी तो घेतलेल्या रुग्णांचा. न घेतलेल्यांचा नव्हे. म्हणून केंद्राकडे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी: निदानाची तारीख, पाठवल्याची तारीख, एचएलएचा नमुना घेतल्याची तारीख, आणि प्रत्यारोपण झालं नसेल तर का नाही झालं ते एका ओळीत.

'कधी' या प्रश्नाचं उत्तर बदलत राहतं, हेही मान्य करायला हवं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळू वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एकेकाळी प्रत्यारोपण हाच बरं होण्याचा मार्ग होता. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि काही वर्षांत त्या आजाराची प्रत्यारोपणं एकदम खाली आली. जुना निकष कुणी हट्टाने चालवत राहिला असता तर गोळीवर भागलं असतं अशांचा जीव धोक्यात गेला असता. याउलट १९९० च्या दशकातली गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये खूप मोठ्या डोसची केमो आणि मग स्वतःच्याच स्टेम सेल परत, हा उपचार हजारो स्त्रियांना दिला गेला. पुरावा पक्का होण्याआधीच तो रूढ झाला, कोर्टकचेऱ्या करून विमा कंपन्यांना भरायला लावला गेला. १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल आले, त्यांत बहुतेकांत फायदा दिसला नाही. ज्या एका दक्षिण आफ्रिकी अभ्यासात मोठा फायदा दाखवला होता, त्यातली माहिती बनावट असल्याचं २००० मध्ये उघड झालं. तेव्हा एकसारखेपणा ही आपोआप चांगली गोष्ट ठरत नाही. सगळे मिळून एकसारखं चुकूही शकतात. म्हणूनच प्रत्येक निकषाशेजारी तो कोणत्या चाचणीवर उभा आहे आणि त्याचा फेरविचार कोणत्या साली होणार, हे छापलेलं असावं. फेरविचाराचं साल उलटून गेलं तर तो निकष तेवढ्यापुरता स्थगित समजावा.

काही ठिकाणी तर पुरावा आहे, स्पष्टही आहे, तरी उत्तर रुग्णानेच द्यायचं असतं. मल्टिपल मायलोमा या मज्जेतल्या कॅन्सरचं घ्या. २०२२ मधल्या डिटरमिनेशन चाचणीत सुरुवातीलाच स्वतःच्या पेशींचं प्रत्यारोपण केलेल्यांचा आजार साधारणपणे ६७.५ महिने आटोक्यात राहिला, पुढे ढकललेल्यांचा ४६.२ महिने. एकूण आयुष्यात मात्र तोवर फरक पडलेला नव्हता. अशा वेळी 'आमच्याकडे सगळ्यांना लगेच करतो' किंवा 'आम्ही हल्ली थांबतो' हे उत्तर केंद्राच्या सवयीतून येतं. दोन्ही आकडे रुग्णासमोर ठेवले गेले, हा इथला निकष असायला हवा.

'कसं' याबद्दल बोलताना मला माझं थोडं सांगावं लागेल. पेशी वाढवणारी इंजेक्शनं घेतली की कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकतात. मग यंत्राशेजारी तासन्‌तास पडून राहायचं, दोन्ही हातांत सुया, एकीकडून रक्त जातं, दुसरीकडून परत येतं. रक्त यंत्रात गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि ओठांना मुंग्या येऊ लागतात. सिस्टरनी कॅल्शियम दिलं, मुंग्या थांबल्या. संध्याकाळी फिकट तांबड्या रंगाची एक छोटी पिशवी तयार झाली. मला वाटलं, स्टेम सेल अशाच घेतात. कमरेच्या हाडातून, ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन मॅरो काढण्याचाही पर्याय असतो आणि त्या निवडीचा परिणाम माझ्यावर नव्हे तर बहिणीवर वर्षानुवर्षं होऊ शकतो, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे वाचलं. २०१२ मध्ये ५५१ रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, नात्याबाहेरच्या दात्यांबाबतची. हाडातली मज्जा दिली काय, रक्तातून गोळा केलेल्या पेशी दिल्या काय, दोन वर्षांनी जगण्यात फरक नव्हता. रक्तातल्या पेशी रुजायच्या राहण्याचं प्रमाण कमी होतं, ३ टक्के विरुद्ध ९. पण दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा आजार, म्हणजे जीव्हीएचडी, दीर्घकाळ चालणाऱ्या रूपात ५३ टक्क्यांना झाला. मज्जेच्या गटात ४१ टक्क्यांना. भावंडांच्या पेशींतही हा धोका रक्तातून घेतल्यास वाढतो. माझ्या बहिणीच्या पर्समध्ये डोळ्यांत घालायचे थेंब कायम असतात, एसीच्या खोलीत ती फार वेळ बसू शकत नाही. तिच्या डॉक्टरांचा निर्णय चूक होता असं मी मुळीच म्हणत नाही. आजार आडदांड असेल तेव्हा रक्तातल्या पेशीच बऱ्या, याला कारणं आहेत. माझा मुद्दा इतकाच, की त्या चाचणीनंतरही जगभर बहुतेक प्रत्यारोपणं रक्तातल्या पेशींचीच होत आहेत, आणि त्यातली किती विचारपूर्वक आणि किती थिएटर, भूल आणि डॉक्टरांची वेळ जुळवायला नको म्हणून, हे कुठल्याही नोंदीवरून कळत नाही. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात (मज्जा रक्त तयार करणंच थांबवते तो आजार) तर प्रश्न आणखी सरळ आहे. हल्ला करणाऱ्या दात्याच्या पेशी उरलेला कॅन्सरही मारतात, पण तिथे मारायला कॅन्सर नाही, म्हणजे जीव्हीएचडीचा काहीच उपयोग नाही. तुमची तत्त्वंही मज्जेलाच पसंती देतात. तिथे रक्तातल्या पेशी वापरल्या तर कारण लेखी हवं.

जीव्हीएचडी रोखण्याबाबत अलीकडे चांगली स्पष्टता आली आहे. कमी तीव्रतेच्या कंडिशनिंगनंतर (म्हणजे पेशी देण्याआधी शरीर तयार करणारी केमो किंवा रेडिएशन), पेशी दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध देण्याची पद्धत २०२३ च्या चाचणीत जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली: गंभीर जीव्हीएचडी नाही, आजार परतलेला नाही आणि रुग्ण हयात, असे वर्षाने ५२.७ टक्के; जुन्या औषधांवर ३४.९. याच सायक्लोफॉस्फमाइडमुळे अर्धं जुळणारे आईवडील, मुलं, भावंडंही दाते होऊ शकतात. हे महत्त्वाचं का, तर नोंदणीत जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सगळ्या वंशांना सारखी नाही. २०१४ च्या अमेरिकन आकडेवारीत युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता ७५ टक्के होती, काही कृष्णवर्णीय गटांत ती १६ टक्क्यांपर्यंत खाली. निकषात 'पूर्ण जुळणारा दाता असल्यास' एवढंच लिहून पुढचं वाक्य सोडून दिलं, की न लिहिता एका मोठ्या वर्गाला नकार दिला जातो. हाफ मॅचचं काय करायचं, हे त्याच परिच्छेदात यायला हवं, तळटीपेत नको.

कंडिशनिंगच्या तीव्रतेचं मी लांबवत नाही. सौम्य कंडिशनिंग सोसवतं, पण तब्येतीने धडधाकट अशा एएमएल आणि एमडीएसच्या रुग्णांत २०१७ च्या चाचणीत दीड वर्षात ते घेतलेल्या ४८ टक्क्यांत आजार परतला, तीव्र कंडिशनिंग घेतलेल्यांत साडेतेरा टक्क्यांत. मुलांच्या एएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये संपूर्ण शरीराला रेडिएशन की नुसती केमो, याचंही उत्तर २०२१ मध्ये मिळालं: चार वर्षांवरच्या मुलांत रेडिएशनच्या गटात दोन वर्षांनी ९१ टक्के हयात, केमोच्या गटात ७५. रेडिएशनचे पुढचे दुष्परिणाम मोठे आहेत, म्हणून आईबाप कचरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण हे दोन आकडे न सांगता त्यांच्याकडून होकार किंवा नकार घेणं बरोबर नाही.

आणि एक बारीक वाटणारी गोष्ट, जी वॉर्डात बारीक राहत नाही. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की काय खायचं यावर प्रत्येक केंद्राचे वेगळे नियम. कुठे फळ अजिबात नाही, कुठे जाड सालीचं चालेल, कुठे सगळं उकडून. तोंड सोललेलं, चव गेलेली, त्यात हे. २०२३ मध्ये इटलीतल्या चाचणीत स्वच्छ धुतलेल्या ताज्या अन्नाने मोठे संसर्ग वाढले नाहीत. यासाठी कुठलं यंत्र नको, पैसा नको. हा नियम एका परिपत्रकाने बदलतो.

निकष म्हणजे डॉक्टरांचे हात बांधणं, अशी भीती तुमच्यातले काही जण व्यक्त करतात. निकष मोडण्याची मुभा असलीच पाहिजे. प्रत्येक रुग्ण तक्त्यात मावत नाही. फक्त मोडताना फायलीत दोन ओळी लिहा आणि त्याची प्रत रुग्णाला द्या. दुसऱ्या केंद्रात दुसरं मत घ्यायला गेल्यावर तिथला डॉक्टर 'त्यांनी असं का केलं असेल?' म्हणून खांदे उडवतो, ते टळेल. दोन डॉक्टरांची मतं वेगळी असू शकतात, हे नातेवाइकांना कळतं. कारण न सांगता वेगळी असली की मग माणसं जो जास्त ठामपणे बोलला त्याचं ऐकतात, किंवा जिथे आधी खाट मिळाली तिथे जातात.

तुमच्या मंडळांवर रुग्णांचे प्रतिनिधी असतात, पण बहुधा सगळे प्रत्यारोपण होऊन बरे झालेले. माझ्या बहिणीसारखे. ज्यांचा रुग्ण वाट पाहताना गेला, अशा घरातलंही कुणीतरी तिथे बसवा.

आणि पुढच्या आवृत्तीत आजारांच्या यादीच्या आधी एक रकाना घाला: निदानापासून एचएलएच्या नमुन्यापर्यंत जास्तीत जास्त किती दिवस, आणि निदानापासून प्रत्यारोपणतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीपर्यंत किती. तो आकडा काय असावा यावर तुमचं एकमत लगेच होणार नाही. चालेल, तात्पुरता आकडा छापा आणि पुढच्या वेळी दुरुस्त करा. रकाना रिकामा मात्र सोडू नका.

आपला,
एक दाता